उंची कमी असलेल्या स्ट्रायकरनं जागा बदलावी का? सुनील छेत्रीच्या कारकिर्दीवरून एक उत्तर

एका वडिलांनी विचारलं आहे: मुलगा १५ वर्षांचा, लहानपणापासून स्ट्रायकर. उंची ५ फूट ५ इंच. अकादमीचे कोच म्हणतात की आता याला विंगवर (मैदानाच्या कडेला) टाकू, नाहीतर फुल-बॅक (कडेचा बचावपटू) करू, कारण वरच्या स्तरावर मधला स्ट्रायकर उंच लागतो आणि क्लब ती जागा परदेशी खेळाडूलाच देतात. मुलगा ऐकायला तयार नाही. तो म्हणतो, छेत्रीची उंची तरी कुठे जास्त होती? मग हट्ट धरायचा की जागा बदलायची?

मी वयोगटातल्या फॉरवर्ड खेळाडूंना शिकवतो. हा प्रश्न मला पालकांकडून सतत ऐकायला मिळतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. पहिलं म्हणजे, तुमचा मुलगा आणि त्याचे कोच दोघेही अर्धं बरोबर बोलत आहेत. छेत्रीचं उदाहरण मुलानं योग्य दिलं आहे, पण त्यातून त्यानं काढलेला अर्थ चुकीचा आहे. छेत्री उंची कमी असूनही मध्येच खेळत राहिला असं झालेलं नाही. क्लबसाठी तो वर्षानुवर्षं डाव्या बाजूनं खेळला आणि तिथूनही गोल करत राहिला. त्यामुळे टीम शीटवर मुलाचं नाव कुठे लिहिलं जातं हा खरा प्रश्न नाहीच. चेंडू डीमध्ये, म्हणजे गोलसमोरच्या चौकटीत, पडतो तेव्हा मुलगा तिथे असतो का, आणि येत्या पाच-सहा वर्षांत त्याला सामन्यात खेळायला किती मिनिटं मिळणार आहेत, हे विचारायला हवं.

आधी उंचीचं बघू. छेत्रीची उंची १ मीटर ७० सेंटिमीटर, म्हणजे साधारण ५ फूट ७ इंच. भारतासाठी त्याचे ९५ गोल आहेत, आणि त्यात डोक्यानं मारलेले कितीतरी आहेत. जून २०२१ मध्ये दोहाला बांगलादेशविरुद्ध विश्वचषक पात्रता सामना ७९व्या मिनिटापर्यंत ०-० होता. आशिक कुरुनियनच्या क्रॉसवर (कडेवरून आत टाकलेल्या चेंडूवर) छेत्रीनं हेडर मारला आणि कोंडी फुटली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मालेला सॅफ या दक्षिण आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात नेपाळविरुद्ध पहिला गोल पुन्हा हेडरच, प्रीतम कोटालच्या क्रॉसवर. मार्च २०२५ मध्ये निवृत्तीतून परत आल्यावर शिलाँगला मालदीवविरुद्ध त्यानं गोल केला, तोही डोक्यानं. तेव्हा तो ४० वर्षांचा होता.

हे होतं कसं? सेंटर बॅकला, म्हणजे मधल्या बचावपटूला, एकाच वेळी चेंडू आणि माणूस दोन्ही बघता येत नाहीत. विंगवर चेंडू असतो तेव्हा त्याची मान तिकडे वळलेली असते. आपल्या पाठीमागे कोण आहे याचा अंदाज तो हातानं किंवा खांद्यानं घेत असतो. जो स्ट्रायकर त्याच्या समोर, त्याच्या नजरेत उभा राहतो, त्याला उंचीचीच लढाई लढावी लागते आणि बुटका खेळाडू ती हरतो. छेत्री बऱ्याचदा बचावपटूच्या पाठीमागच्या खांद्याजवळ, त्याच्या नजरेआड उभा असतो. क्रॉस देणारा खेळाडू चेंडू पुढे ढकलून मान वर करतो, त्या क्षणी छेत्री हलतो. एक-दोन पावलं मागे, गोलच्या लांबच्या खांबाकडे गेल्यासारखी, आणि बचावपटूचं वजन तिकडे झुकलं की त्याच्या पुढून आत. बचावपटू जागेवरून उडी मारतो, हा धावत येऊन मारतो. धावत घेतलेली उडी जागेवरच्या उडीपेक्षा उंच जाते, शिवाय वेळही आधीची मिळते. त्या दोन गोष्टींनी दहा सेंटिमीटरची तूट भरून निघते.

मी मुलांकडून हे करून घेतो तेव्हा एकच अट असते: क्रॉस देणाऱ्याची मान वर होईपर्यंत हलायचं नाही. जवळजवळ सगळी मुलं सुरुवातीला खूप लवकर पळतात, चेंडू यायच्या आधीच गोलसमोर पोचतात आणि तिथे थांबतात. थांबलेल्या स्ट्रायकरला धरणं कुणालाही जमतं. उशिरा निघून वेगानं पोचायचं, हे अंगवळणी पडायला महिने लागतात. उंचीशी त्याचा संबंध नाही.

दुसरी गोष्ट आहे पहिल्या स्पर्शात मारण्याची. जानेवारी २०१९ मध्ये अबू धाबीला आशियाई चषकात भारतानं थायलंडला ४-१ नं हरवलं. त्यातला छेत्रीचा दुसरा गोल मुलाला दाखवा. मध्यंतरानंतर खेळ सुरू झाला न झाला तोच उदांता सिंग उजवीकडून सुटला, चेंडू आत आला, आशिकचा स्पर्श लागून छेत्रीकडे गेला आणि त्यानं तो न थांबवता थेट जाळ्यात मारला. त्या जागी चेंडू थांबवला असता तर समोर दोन माणसं आडवी आली असती. लहान चणीच्या स्ट्रायकरला धक्काबुक्की परवडत नाही, म्हणून चेंडू त्याच्या पायाशी कमीत कमी वेळ राहिला पाहिजे. पाठ गोलकडे करून सेंटर बॅकशी अंगाला अंग लावत चेंडू अडवून धरायचं काम तुमच्या मुलाला कुणी सांगत असेल, तर ते त्याच्या शरीराला न शोभणारं काम आहे. एका स्पर्शात सोबत्याला द्यायचा आणि वळून पळायचं, हे त्याचं काम.

तेव्हा कोच केवळ उंचीचं कारण देत असतील तर मला ते पटत नाही. १५व्या वर्षी तर नाहीच. या वयात एकाच संघात दाढी फुटलेला मुलगा असतो आणि आवाजही न फुटलेला असतो. लवकर वाढलेला मुलगा केवळ ताकदीवर गोल करतो, सगळे त्याला स्ट्रायकर म्हणतात, आणि बाकीचे त्याच्या उंचीला पोचले की त्याच्याकडे दुसरं काही उरत नाही. उशिरा वाढणाऱ्या मुलाला या काळात डोकं वापरूनच खेळावं लागतं, आणि ते त्याच्या पुढे कामी येतं. अर्थात तुमच्या मुलाची वाढ कुठपर्यंत आली आहे हे त्याला न बघता मी सांगू शकणार नाही. घरातल्यांच्या उंचीवरून आणि गेल्या वर्षभरातल्या वाढीवरून तुम्हालाच त्याचा अंदाज येईल.

आता कोचांचं बरोबर काय आहे ते. इंडियन सुपर लीग (आयएसएल) २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हा मैदानावर एकाच वेळी सहा परदेशी खेळाडू चालत. २०१७-१८ पासून पाच झाले, २०२१-२२ पासून चार. संख्या कमी झाली, पण क्लब त्या जागा कुठे वापरतात ते बघा. मधला स्ट्रायकर जवळपास प्रत्येक क्लबचा परदेशी. भारतीय फॉरवर्डला जागा मिळते ती विंगवर. याचे परिणाम राष्ट्रीय संघाला दिसले आहेत: २०२३च्या आशियाई चषकात, जो प्रत्यक्षात जानेवारी २०२४ मध्ये कतारला झाला, भारत ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान आणि सीरियाविरुद्ध तिन्ही सामने हरला आणि एकही गोल करू शकला नाही. मला हे फार लागलं. आपल्याकडे गोल करणारी मुलं जन्मालाच येत नाहीत असं नाही. ज्या वयात मोठ्या सामन्यात मध्ये खेळून चुका करायच्या, त्या वयात ती बाकावर असतात किंवा टचलाइनजवळ, मैदानाच्या कडेच्या रेषेला धरून, पळत असतात.

पण छेत्रीलाही हीच परिस्थिती होती, आणि त्यानं तिच्यातून वाट काढली. २०१७-१८चा बेंगळुरू एफसीचा मोसम घ्या. त्या वर्षी हा क्लब आयएसएलमध्ये नवा होता. मध्ये व्हेनेझुएलाचा मिकू, उजवीकडे उदांता, डावीकडे छेत्री. मिकूनं १५ गोल केले आणि डाव्या बाजूच्या छेत्रीनं १४. मिकू दोन्ही सेंटर बॅकना स्वतःभोवती गुंतवून ठेवायचा. उदांता उजवीकडून चेंडू आत टाकायचा. तेव्हा डावीकडचा छेत्री लांबच्या खांबाजवळ किंवा फुल-बॅक आणि सेंटर बॅकच्या मधल्या फटीतून आत आलेला असायचा. उजव्या पायाचा खेळाडू डावीकडून आत येतो तेव्हा गोल त्याच्या चांगल्या पायासमोर उघडतो, हा आणखी एक फायदा. तोच माणूस भारताच्या जर्सीत मध्ये खेळायचा. त्यामुळे विंगवर जाणं म्हणजे स्ट्रायकरपण सोडणं असं मुलानं मानू नये. विंगवर उभं राहून फक्त क्रॉस टाकत बसणं म्हणजे मात्र सोडणंच आहे. फरक कोच त्याला कोणतं काम देतात यात आहे.

मिनिटांबद्दल छेत्रीच्या आयुष्यातून जे दिसतं ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, म्हणून तिथे थोडा थांबतो. त्याचा जन्म १९८४ मध्ये सिकंदराबादचा. वडील लष्करात, त्यामुळे बदल्या. आई नेपाळच्या महिला संघाकडून खेळलेली, म्हणजे फुटबॉल घरातच होता. दिल्लीतून २००२ मध्ये, १७ वर्षांचा असताना, तो मोहन बागानला गेला. भारतातलं त्या वेळचं सगळ्यात मोठं नाव, पण तिथल्या तीन मोसमांत त्याचे गोल मोजकेच आहेत. २००५ मध्ये तो पंजाबातल्या जेसीटीकडे गेला. नाव तुलनेनं लहान, पण खेळायला मिळालं आणि गोलांचा ओघ सुरू झाला. त्याच वर्षी १२ जूनला क्वेट्टामध्ये पाकिस्तानविरुद्ध त्याचं भारताकडून पदार्पण झालं आणि पहिल्याच सामन्यात गोलही. २००८ मध्ये दिल्लीच्या आंबेडकर स्टेडियमवर एएफसी चॅलेंज कपच्या अंतिम सामन्यात त्यानं ताजिकिस्तानविरुद्ध हॅटट्रिक केली. भारत ४-१ नं जिंकला आणि २०११च्या आशियाई चषकात पोचला.

परदेशाचं मात्र जमलं नाही. २००९ मध्ये इंग्लंडच्या क्वीन्स पार्क रेंजर्सशी बोलणी पक्की होत आली होती, पण भारताचं फिफा क्रमवारीतलं स्थान खूप खाली असल्यानं वर्क परमिट नाकारलं गेलं. २०१० मध्ये अमेरिकेत कॅन्सस सिटीकडे गेला, तिथे अधिकृत सामन्यांत जवळजवळ खेळायलाच मिळालं नाही. २०१२ मध्ये पोर्तुगालच्या स्पोर्टिंगच्या बी संघात गेला, तिथेही हातावर मोजण्याइतके सामने. वयाच्या २८व्या वर्षी एखाद्यानं परदेशात राहायचंच म्हणून बाकावर आणखी दोन वर्षं काढली असती. छेत्री परतला. चर्चिल ब्रदर्सकडून खेळला, त्या मोसमात त्यांनी आय-लीग, म्हणजे तेव्हाची देशातली वरची लीग, जिंकली, आणि २०१३ मध्ये तो नव्यानंच स्थापन झालेल्या बेंगळुरू एफसीत गेला. पहिल्याच मोसमात १४ गोल आणि विजेतेपद. तिथून पुढे तो जो छेत्री झाला तो आपल्याला माहीत आहे. तिशी उलटल्यावर त्यानं भारतासाठी चाळीसहून जास्त गोल केले आहेत.

मी पालकांना हा क्रम मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडे मोठ्या अकादमीच्या नावाला फार भुलतात. मुलगा मोठ्या नावाच्या संघात राखीव आणि लहान संघात दर रविवारी पूर्ण सामना, असे दोन पर्याय असतील तर १५ ते २० या वयातल्या स्ट्रायकरसाठी मी दुसराच सांगेन. गोल करणं सरावात पूर्ण शिकता येत नाही. सरावात संधी हुकली तर लगेच दुसरा चेंडू मिळतो. सामन्यात संधी हुकल्यावर पुढची ४० मिनिटं एकही चेंडू न येता डोकं ताळ्यावर ठेवायचं असतं, आणि मग आलेला एक चेंडू शांतपणे मारायचा असतो. ते सामन्यातच येतं.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. जून २०२४ मध्ये कुवेतविरुद्ध कोलकात्याला छेत्री निवृत्त झाला तेव्हा, त्या वेळी खेळत असलेल्यांमध्ये आंतरराष्ट्रीय गोलांत रोनाल्डो आणि मेस्सी एवढेच त्याच्या पुढे होते. या आकड्यावरून त्याची त्या दोघांशी बरोबरी करायची नसते. त्याचे बरेच गोल दक्षिण आशियातल्या आणि आशियातल्या खालच्या फळीतल्या संघांविरुद्ध आहेत. पण समोर कोण का असेना, ज्या संघाला सामन्याला दोन-तीनच बऱ्या संधी मिळतात त्या संघाकडून वीस वर्षं गोल करत राहणं हे वेगळ्या प्रकारचं कठीण काम आहे. युरोपातल्या बलाढ्य संघाच्या स्ट्रायकरला एक हुकली तरी पुढची मिळते. सप्टेंबर २०१९ मध्ये गुवाहाटीला ओमानविरुद्ध भारताला पहिल्या अर्ध्यात आघाडी मिळाली ती ब्रँडन फर्नांडिसच्या फ्री किकवर. सरावात घोटवलेली चाल होती, चेंडू वर न टाकता खालून आत दिला आणि गर्दीतून नेमका सुटलेला छेत्री तिथे होता. सामना शेवटी १-२ नं गेला, पण तो गोल मी मुलांना अजून दाखवतो.

मग तुम्ही काय करायचं?

आधी पुढच्या काही सामन्यांत चेंडूकडे न बघता फक्त मुलाकडे बघा. चेंडू दुसऱ्या टोकाच्या विंगवर असतो तेव्हा तो काय करतो? मान वळवून बचावपटू कुठे आहेत ते बघतो का, की चेंडूकडे टक लावून उभा राहतो? सोबत्यानं शॉट मारल्यावर तो रिबाउंडसाठी, म्हणजे परत उसळलेल्या चेंडूसाठी, आत धावतो का, की हात वर करून ‘मला का नाही दिला’ म्हणतो? पहिल्या प्रकारचा मुलगा असेल तर त्याला गोलचा वास येतो. तो विंगवर गेला, थोडा मागे खेळला, तरी गोल करेल. दुसऱ्या प्रकारचा असेल तर तो आजवर वेगावर गोल करत आला आहे, आणि मध्ये उभं राहायचा हट्ट त्याला फार पुढे नेणार नाही. पण हे शिकवता येतं, १५ म्हणजे उशीर नाही.

मग कोचांशी शांतपणे बोला. ‘याला स्ट्रायकरच ठेवा’ असं म्हणू नका. विंगवर खेळवणार असाल तर कोणत्या बाजूला, आणि समोरच्या बाजूनं क्रॉस येतो तेव्हा त्यानं डीमध्ये जायचं की बाहेर थांबायचं, एवढंच विचारा. मुलगा उजव्या पायाचा असेल आणि त्याला डावीकडे खेळवून आत यायची मोकळीक देत असतील, तर आनंदानं हो म्हणा. त्याला उजवीकडे टाकून टचलाइन धरून ठेवायला सांगत असतील तर गोल करायची सवय वर्षभरात जाईल. मग निदान सरावानंतर अर्धा तास फिनिशिंगचा आणि अधूनमधून एखाद्या सामन्यात मध्ये खेळायचा, एवढं तरी मागून घ्या. समजूतदार कोच हे मान्य करतात.

फुल-बॅकचा सल्ला मी आत्ता तरी बाजूला ठेवेन. वाईट जागा आहे म्हणून नाही. उलट आज चांगल्या फुल-बॅकला क्लब दार उघडून बसलेले असतात, आणि मुलाला दम असेल, एकास एक अडवायला आवडत असेल, तर १७-१८व्या वर्षीही ते शिकता येतं. उलटा प्रवास मात्र कठीण आहे. तीन वर्षं बचाव खेळलेल्या मुलाला पुन्हा गोलसमोरची घाई आणि शांतपणा दोन्ही शिकवणं मला तरी क्वचितच जमलं आहे. मुलगा स्वतःहून म्हणत असेल की मला मागून खेळ दिसतो, तिथे मजा येते, तर गोष्ट वेगळी. मग त्याला अडवू नका.

मुलाशी बोलताना त्याच्याच हिरोचं उदाहरण पूर्ण सांगा. डिसेंबर २०२४ मध्ये, चाळीशी ओलांडल्यावर, छेत्रीनं केरला ब्लास्टर्सविरुद्ध आयएसएलमध्ये हॅटट्रिक केली. त्या मोसमात त्याचे १४ गोल झाले, भारतीयांमध्ये सगळ्यात जास्त, आणि कित्येक सामन्यांत तो बाकावरून आला होता. ज्याच्या नावावर तेव्हा ९४ आंतरराष्ट्रीय गोल होते त्यानं बाकावर बसायला नकार दिला नाही, विंगवर जायलाही दिला नव्हता. हे ऐकल्यावर मुलाचा हट्ट थोडा सैल होईल असं मला वाटतं. झाला की त्याला या आठवड्यापासून रोज एकच काम द्या: मित्राकडून दोन्ही बाजूंनी वीस-वीस क्रॉस, मान वर होईपर्यंत हलायचं नाही, आणि प्रत्येक चेंडू पहिल्याच स्पर्शात. डोक्यानं मारायचे मात्र त्यातले मोजकेच ठेवा आणि तेही मऊ चेंडूवर. या वयात डोक्यावर रोज मारा नको.